डायमंड शिलाई, वुड किट आणि 'तुमची आवड': एका आक्षेपाला सविस्तर उत्तर

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पहिल्या पिढीच्या माझ्दा एमएक्स-५ साठी, म्हणजे उघड्या छताच्या छोट्या दोन-सीटर गाडीसाठी, मी माझ्या लेखात टॅन लेदर, लाकडी गिअर नॉब आणि उभ्या पट्ट्यांची सीट सुचवली. डायमंड शिलाई आणि डॅशवर चिकटवायचं वुड किट मात्र एका ओळीत निकालात काढलं. लाकडी नॉब चालतो तर लाकडी डॅश का नाही? कारण दिलेलं नाही, मापं दिलेली नाहीत, म्हणजे ही निव्वळ वैयक्तिक आवड आणि तिला 'अभिरुची' हे भारदस्त नाव. वर अल्कान्ताराच्या, म्हणजे मखमली कृत्रिम कापडाच्या, स्टिअरिंगची शिफारस साफ चुकीची.

अल्कान्ताराचं म्हणणं मान्य, त्याकडे येतोच. मापांचंही मान्य. पण 'निव्वळ आवड' हे पटत नाही, कारण यातल्या बहुतेक गोष्टी टेप लावून मोजता येतात.

माझी कसोटी अशी की घातलेला भाग त्याच गाडीच्या कारखान्यातून, त्याच काळात बाहेर पडू शकला असता का? या कसोटीला सोवळेपणा समजू नका. पोर्शेने १९७७ मध्ये ९२८ आणली तेव्हा सीटवर 'पाशा' नावाचं कापड होतं: वाकड्यातिकड्या काळ्यापांढऱ्या चौकटी, बघून डोळे गरगरावेत असं. आज कोणी नवीन शिवून घेतलं तर लोक भडक म्हणतील, पण त्या काळच्या पोर्शेत ते शोभतं. १९६१ च्या पहिल्या जॅग्वार ई-टाइपला मधल्या पॅनलवर ठिपक्यांचं अ‍ॅल्युमिनियम होतं. दोनेक वर्षांत कंपनीनेच ते काढून काळं आवरण घातलं, त्यामुळे दोन्ही त्या गाडीचंच वाटतं. आणि खुद्द तुमच्या गाडीची १९९० ची जपानी व्ही-स्पेशल आवृत्ती पाहा, तिकडे तिला युनोस रोडस्टर म्हणत: गडद हिरवा रंग, टॅन लेदर, नार्डीचं लाकडी स्टिअरिंग, लाकडी नॉब. मी सुचवलेलं काहीच माझ्या डोक्यातून निघालेलं नाही.

आता डायमंड शिलाई. तुमच्या सीटचा मधला पट्टा मोजा. अशा अरुंद बकेट सीटमध्ये तो २५ ते ३० सेंमी भरतो आणि कमरेपाशी आणखी निमुळता होतो. ५ सेंमीचा डायमंड घेतला तर आडव्यात जेमतेम पाच-सहा बसतात. पट्टा वरून खाली सारख्या रुंदीचा नसल्यामुळे कडेचे डायमंड कुठे अर्धे, कुठे पाव, कुठे नुसता कोपरा असे कापले जातात. डाव्या कडेला अर्धा आणि उजवीकडे पाऊण आला की सीटच तिरकी वाटू लागते, भले ती ओळंब्यात असो. त्यात बैठकीच्या मध्ये एक आडवी ओढ-शिवण असते, जिच्यातून तार घालून कव्हर फोमच्या खाचेत खाली खेचतात. ती डायमंडच्या ओळीला मधोमध कापते. खेच जास्त पडली तिथे डायमंड चपटा होतो, शेजारचा फुगतो. मोठ्या आधुनिक सीटवर हे खपतं, कारण पट्टा रुंद असतो आणि नमुना त्या सीटसाठीच आखलेला असतो.

दुसरी अडचण उघड्या छताच्या गाडीची. तिरक्या रेघा दोन्ही दिशांनी जातात तेव्हा सुईची भोकं उभ्या पट्ट्यांपेक्षा कितीतरी जास्त पडतात. अचानक सर आली की पाणी त्याच भोकांतून फोममध्ये उतरतं आणि दिवसचे दिवस वाळत नाही. रेघा एकमेकींना छेदतात तिथे बारीक खड्डा तयार होतो. धूळ आणि घामाचं तेल तिथेच साचतं, वर्षभरात फिकट लेदरवर काळ्या ठिपक्यांची रांगोळी उमटते.

उभ्या पट्ट्यांचं गणित सरळ आहे. पट्टा २८ सेंमी असेल तर ४ सेंमीच्या सात पट्ट्या घ्या. संख्या विषम ठेवायची, म्हणजे मधोमध फुगीर पट्टी येते आणि शिवण पाठीच्या कण्याखाली येत नाही. फोम ६ ते १० मिमी. फुगवट्यासाठी प्रत्येक पट्टीला ३ ते ५ मिमी जास्तीचं कापड जातं, म्हणजे सात पट्ट्यांना २ ते ३.५ सेंमी. म्हणून आधी पट्ट्या शिवायच्या आणि मग तयार कापडावर साचा ठेवून कापायचं. आधी कापून मग शिवणारा कारागीर भेटला तर कव्हर तोकडं पडणार हे नक्की. मग ते ताणून बसवतात आणि सहा महिन्यांत कडेची शिवण उसवते.

डायमंडचा माझा राग नाही, जागेचा प्रश्न आहे. फेरारी २५० जीटी लुसोमध्ये सीटमागच्या सामानाच्या फळीवर अशीच रजईसारखी शिलाई होती. सपाट जागा, कोणी बसत नाही, खेच नाही, वर थोडा आवाजही दबतो. तुमच्या गाडीत सीटमागचा उंचवटा आहे तिथे करा: ६ मिमी फोम, ५ ते ६ सेंमीचा डायमंड, दोरा लेदरच्याच रंगाचा, आणि आखणी मध्यरेषेपासून दोन्हीकडे. तिथे ती मलाही आवडेल.

लाकडाची विसंगती. नॉब हा लाकडाचा गोळा असतो, हाताला लाकूडच लागतं. वुड किट म्हणजे छापील किंवा पातळ व्हेनिअरवर (लाकडाच्या कागदासारख्या पापुद्र्यावर) ओतलेलं रेझिन, मागे दुतर्फी टेप. त्याची कड पॅनलपेक्षा दीड-दोन मिमी वर राहते आणि गोलाकार असते, त्यामुळे प्रत्येक तुकडा चिकटवलेला आहे हे दाराबाहेरूनही कळतं. त्याहून वाईट म्हणजे रेषा. खऱ्या लाकडी डॅशमध्ये सलग व्हेनिअर जोडीने कापून लावतात, त्यामुळे डावी-उजवी नक्षी आरशासारखी जुळते. किटमध्ये प्रत्येक तुकड्याच्या रेषा भलतीकडे. तीच गोष्ट ट्रायम्फ टीआर६ मध्ये अस्सल आहे, तिचा डॅशच अक्रोडाच्या व्हेनिअरचा. उलट सुरुवातीच्या एमजीबीचा पोलादी डॅश काळ्या सुरकुतलेल्या रंगाचा, त्यावर अक्रोड चढवलं की बैलाची झूल घोड्यावर. लाकूड हवंच असेल तर एखादाच सपाट भाग निवडा आणि ०.६ मिमी व्हेनिअर प्लायवर लावून घ्या. मागच्या बाजूलाही साधं व्हेनिअर लावायला सांगा. एकाच बाजूला लावलं तर ओलाव्याने पॅनल धनुष्यासारखं वाकतं.

स्टिअरिंग बदलताना एक बारीक गोष्ट हमखास चुकते. नार्डी आणि मोमो या स्टिअरिंग बनवणाऱ्या कंपन्या. नार्डीचे सहा स्क्रू ७४ मिमीच्या वर्तुळावर असतात, मोमोचे ७० मिमीच्या. हब (स्टिअरिंग ज्यावर बसतं तो मधला भाग) एकाचा आणि स्टिअरिंगचं चाक दुसऱ्याचं घेतलं की लोक भोकं कानशीने लांबट करतात. तसं अजिबात करू नका, दोन्ही मापांची भोकं असलेला हब मिळतो. तुमच्या गाडीत एअरबॅगवालं चाक असेल तर ते काढण्याच्या भानगडीतही पडू नका. नॉबचा आटा १० × १.२५ मिमीचा.

रंगाबद्दल तुम्ही म्हणता काळं इंटिरिअर कंटाळवाणं आहे. असेल, पण सगळंच टॅन करणं हा उपाय नव्हे. डॅशचा वरचा भाग काळा आणि मॅटच राहिला पाहिजे. इथे अभिरुचीपेक्षा नजरेचा प्रश्न आहे: फिकट डॅश समोरच्या काचेत उमटतो आणि उन्हात रस्त्यावर दुधी पडदा चढल्यासारखं दिसतं. खात्री करायची तर टॅन लेदरचा हातभर तुकडा दुपारी डॅशवर ठेवा आणि सीटवर बसून काचेतून बघा. दुसरा शब्द बोलावा लागणार नाही. टॅन सीटवर, दरवाजाच्या मधल्या भागावर आणि हवं तर गिअरच्या बुटावर, म्हणजे दांड्याभोवतीच्या चामडी आवरणावर. तिसरा रंग फक्त पायपिंगपुरता, म्हणजे शिवणीतल्या गोल किनारीपुरता, तोही नको असेल तर उत्तमच. तुम्हाला हवा असलेला लाल दोरा काळ्या लेदरवर प्रत्येक वाकडा टाका दाखवतो. लेदरपेक्षा एकच छटा फिकट घ्या, शिलाई दिसेल पण ओरडणार नाही. नमुना दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पसंत करू नका. दोन-तीन दिवस गाडीत ठेवून सकाळी, दुपारी, संध्याकाळी बघा. दिव्याखाली जुळलेले दोन टॅन उन्हात वेगळे निघतात, एक हिरवट आणि एक लालसर.

आता अल्कान्तारा. तुम्ही बरोबर आहात. हे चामडं नव्हेच: सुमारे ६८ टक्के पॉलिएस्टर आणि ३२ टक्के पॉलियुरेथेन, मूळ शोध १९७० मध्ये जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांचा. पकड सुरेख, पण हाताचं तेल आणि घाम लागून बारीक केस एकमेकांना चिकटतात आणि स्टिअरिंग हात धरायच्या, घड्याळातल्या दहा आणि दोनच्या, जागी काळं, चकचकीत होतं. ओल्या पांढऱ्या सुती कापडाने पुसून, रात्रभर वाळवून, मऊ ब्रशने केस उभे करत राहिलं तर टिकतं. उघड्या छताच्या आणि रोज चालवायच्या गाडीत एवढं कोण करतं? तिथे साधं किंवा छिद्रांचं लेदर घ्या, जाडी १.१ ते १.३ मिमी. लेखातलं ते वाक्य बदलतो.

मापं मागितलीत, ती घ्या. गाईचं पूर्ण कातडं ४५ ते ५५ चौरस फूट भरतं, पण त्यातलं पाव ते एक तृतीयांश कडा, डाग आणि आकारांत वाया जातं. दोन सीट आणि दरवाजांना दोन कातडी धरा, तीही एकाच लॉटमधली. पाठीच्या कण्यालगतचा भाग सर्वांत कमी ताणला जातो, तो बैठकीला. पोटाकडचा सैल भाग सीटच्या पाठीमागे किंवा न दिसणाऱ्या बाजूला. कारागिराने उलट केलं तर वर्षभरात बैठकीला झोळ येतो, आणि दोष फोमला दिला जातो. सीटला लेदर १.० ते १.२ मिमी, गिअरच्या बुटाला ०.८ ते ०.९, नाहीतर बूट घडी न पडता ताठ राहून गिअर मागे ढकलतो. लेदर वरून रंगाचा थर असलेलंच घ्या. उघड्या रंध्रांचं अ‍ॅनिलिन लेदर दिसायला देखणं, पण जीन्सचा निळा रंग पिऊन टाकतं.

दोरा बाँडेड पॉलिएस्टर, नायलॉन नको, ऊन त्याला लवकर खातं. आतल्या शिवणीला टेक्स ९० (टेक्स हे दोऱ्याच्या जाडीचं माप), वरच्या दिसणाऱ्या शिलाईला टेक्स १३५, टाका ४ ते ५ मिमी. टाका बारीक म्हणजे मजबूत हा कापडाचा नियम लेदरला लागू होत नाही. भोकं जवळजवळ पडली की लेदर टपाल तिकिटासारखं त्याच रेषेवर फाटतं. शिवणीची माया १२ मिमी.

जुनं कव्हर उसवण्याआधी प्रत्येक जोडावर दर १० सेंमीला आडवी खूण करा, तुकड्यांना क्रमांक द्या, मध्यरेषा आखा. हेच तुकडे साचा म्हणून वापरायचे, पण डोळे मिटून नाही: ड्रायव्हरकडचा चढउताराच्या बाजूचा तुकडा ताणलेला असतो. साचा दुसऱ्या सीटवरून घेऊन उलटा करा. फोम आधी दुरुस्त झाला पाहिजे. खचलेल्या बोल्स्टरवर (सीटच्या कडेच्या उंचवट्यावर) नवं लेदर म्हणजे सुरकुत्यांना आमंत्रण, तिथे १० ते १२ मिमीचा नवा थर चिकटवा. कव्हर खाली तारेच्या रिंगांनी बांधतात, ७ ते ८ सेंमीला एक. तुमच्या सीटच्या डोक्यापाशी स्पीकर असतील तर तिथलं लेदर छिद्रांचंच हवं. साधं लावलं की आवाज रजईतून आल्यासारखा येतो. आणि घरच्या सोफ्याचं कापड स्वस्त पडतं म्हणून वापरू नका. गाडीच्या कापडाला ज्वलनाची कसोटी असते, अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस ३०२ नुसार ज्योत मिनिटाला १०२ मिमीपेक्षा वेगाने पसरता कामा नये.

सोल्यूशनमध्ये कंजुषी नको. साधा स्प्रे उन्हात उभ्या गाडीत सुटतो, उष्णता सोसणारं काँटॅक्ट सोल्यूशन घ्या. दोन्ही पृष्ठभागांवर पातळ थर, बोटाला चिकटेनासा झाला की दुसरा, मग जोड. ओलं असतानाच दाबलं तर आत अडकलेलं द्रावण पहिल्या कडक उन्हात फुगे होऊन बाहेर येतं.

दरवाजाचं पॅनल फुगलं असेल तर आधी त्यामागचा प्लास्टिकचा पडदा बघा. तो फाटला की काचेवरून दारात उतरलेलं पाणी दाबलेल्या लगद्याच्या बोर्डाला लागतं. पडदा न बदलता नव्या पॅनलवर लेदर चढवलं तर तेही फुगणार. बोर्डाऐवजी ३ मिमी एबीएस प्लास्टिक कापून घेतलं तर प्रश्न कायमचा मिटतो.

कार्पेट सगळ्यात शेवटी. त्याआधी सीटमागच्या दोन्ही कोपऱ्यांतली छताची निचऱ्याची भोकं मोकळी करा, ती तुंबली की पाणी थेट आत येतं. खाली तागाचं अस्तर नको, ते स्पंजासारखं पाणी धरतं आणि पत्रा गंजतो. २ मिमी ब्यूटिल (आवाज दाबणारी रबरी शीट) पत्र्याच्या पाव ते तीस टक्के भागावर पुरतं, पूर्ण मढवलं तर फक्त वजन वाढतं. वर बंद पेशींचा फोम, मग कार्पेट.

जुनी कव्हरं फेकू नका. धुऊन, वाळवून, क्रमांकांसह पिशवीत ठेवा. पुढे एकच तुकडा बदलायची वेळ आली तर साचा तयार असेल, आणि गाडी विकताना मूळ कापड मागणारा गिऱ्हाईक भेटतोच.