फरशीच्या जाहिरातीला गेलेली दाद

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाई सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात शिरली ती थेट कॅसेटींच्या कपाटापर्यंत. पाणी उतरल्यावर सगळ्या कॅसेटी गच्चीवर सांडग्यांसारख्या वाळत घातल्या, एकेकीत पेन्सिल घालून फीत गुंडाळली. त्यातल्या त्यात ललत, म्हणजे पहाटेचा राग, वाळला. पण लावून बघितला तर बुवा अजून पुरातच उभे राहून गात होते.

शेवटी नातवानं मोबाईलवर ॲप टाकून दिलं. "आबा, जगातलं सगळं गाणं आहे यात. नुसतं बोला."

पहाटे पाचला उठून नुसतं बोललो, "ललत." मोबाईलनं लिहिलं, "लता." आणि लताबाई सुरू झाल्या. आता सांगलीकरानं लताबाईंची तक्रार करायची तरी कुणाकडं? त्यांचं लहानपण आमच्याच गावात गेलेलं. पण जीव ललतातल्या दोन मध्यमांसाठी, म्हणजे दोन तऱ्हेच्या 'म'साठी, आसुसलेला, आणि कानावर पावसातलं प्रेमगीत! मग इंग्रजीत टाईप करायला घेतलं. ललतचं स्पेलिंग दोन तऱ्हेचं, बागेश्रीचं चार तऱ्हेचं, आणि प्रत्येक स्पेलिंगला निराळी माणसं गायला येतात. राग ओळखायला मी वीस वर्षं घातली. स्पेलिंगला तेवढी उरली आहेत असं वाटत नाही.

राग सापडला तर क्रम सापडत नाही. या ॲपला आधीचं संथ विलंबित आणि त्यामागनं येणारं जलद द्रुत ही दोन वेगळी 'गाणी' वाटतात. फुकटच्या योजनेत ती पत्त्यांसारखी पिसून मिळतात. आधी द्रुत, मधे कुणाचं तरी लग्नातलं गाणं, मग विलंबित. पंगतीत आधी मठ्ठा आणि विडा, मग वरणभात!

नातू सांगत होता, बऱ्याच ठिकाणी ३० सेकंद ऐकलं की ते गाणं 'ऐकलं' म्हणून धरतात. मला हसू आलं. मिरजेत तंबोरे करणारे माझे एक मित्र आहेत. ते जवारी काढायला, म्हणजे तारेचा आवाज खुलवायला, बसले की घोडीवर तारेखाली सुताचा दोरा घालतात, तो केसभर पुढं सरकवतात, तार छेडतात, मान हलवतात, पुन्हा केसभर मागं. अर्ध्या तासानं कधीतरी तो आवाज उमलतो आणि खोली भरून जाते. मी घाई केली की म्हणतात, "थांबा की ओ जरा, षड्ज काय एसटीनं येतोय?" त्याच तंबोऱ्याचा आवाज माझ्या मोबाईलमधनं मच्छरदाणीत अडकलेल्या डासासारखा येतो. आणि ३० सेकंदांत तर आमचे बुवा नुसते खाकरून होतात.

ॲपला कंटाळून व्हिडिओवाल्याकडं वळलो. तिथं अखंड मैफल मिळाली, पाऊण तासाची. अतिविलंबित एकताल. एक मात्रा चांगली पाच सेकंदांची, म्हणजे १२ मात्रांचं आवर्तन मिनिटभराचं. ते फिरून पहिल्या मात्रेवर आलं की सम, दाद द्यायची जागा. डोळे मिटून मांडीवर मात्रा मोजत होतो. बुवांनी एक लांबलचक आलाप घेतला, मुखडा उचलला, अकरा, बारा... आणि सम! मी मांडीवर थाप मारून "वाः! क्या बात है!" म्हणालो. डोळे उघडले तर एक बाई फरशी पुसत होत्या. ९९ टक्के जंतू मेले होते. दाद त्यांना गेली. खाली लिहिलं होतं, पाच सेकंदांनी जाहिरात वगळा. म्हणजे बरोबर एक मात्रा! जाहिरात करणाऱ्याला लयीचं अंग असावं. जाहिरात सरल्यावर बुवा समेवर आले, पण मी आधीच येऊन गेलो होतो. एकाच समेला दोनदा दाद कशी द्यायची?

या सगळ्यात बिनतक्रार ऐकू येतात ते एकटे जुने गवई अब्दुल करीम खाँसाहेब. ते १९३७ साली गेले, पण या ॲपवाल्यांच्या गणितात तेच बसतात. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीची एक बाजू जेमतेम सव्वातीन मिनिटांची. त्यात त्यांनी सगळा राग मांडलेला. ना पिसायला दुसरा तुकडा, ना मधे फरशी पुसायला जागा. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला गवई त्यांच्यापुढं हजेरी लावतात. ॲपही निमूट लावतं.

परवा रात्री जेवणं झाल्यावर हिला त्यांचं 'जमुना के तीर' ऐकवलं. भैरवी. हिचे डोळे पाणावले. भैरवी झाली म्हणजे मैफल झाली, लोक चपला शोधायला लागतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. ही उठली, मी चष्मा काढून ठेवला. तेवढ्यात मोबाईलवर उमटलं, 'तुम्हाला हेही आवडेल,' आणि पुढचं आपोआप लागलं.

ललत. शुद्ध, अखंड, विलंबितापासनं. रात्रीचे साडेदहा वाजले होते.

"अहो, आता बसा पहाटेपर्यंत," म्हणत हिनं दिवा मालवला.