बोटीतून उतरले की दुसऱ्या दिवशी नोकरी? त्या फॉरवर्डचं एकदा बघूनच घेऊ

यूकेतल्या मराठी ग्रुपांवर सध्या जो मेसेज फिरतोय तो ज्यांना अजून आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: आपण रीतसर व्हिसा काढून फी भरून आलो तरी आपल्याला छप्पन्न नियम, आणि इंग्लिश खाडीतून छोट्या बोटीने येणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी नोकरी, कागद कोणी बघत नाही, आठवड्याला शेकडो पाउंड हातात, एकाचं काम झालं की मागोमाग अख्खं खानदान, आणि हे सगळं आपल्या खिशातून. खाली अंगठे आणि "अगदी बरोबर" असे रिप्लाय. एकेक मुद्दा घेतो.

"दुसऱ्या दिवशी नोकरी." नाही हो. ज्याने असायलमसाठी, म्हणजे आश्रयासाठी, अर्ज केलाय त्याला काम करायला बंदी आहे. 2002 च्या आधी सहा महिने थांबलं की परवानगी मागता यायची, ती सोय त्या वर्षी काढून टाकली, आता बारा महिने निकाल लागला नाही, आणि उशीर अर्जदाराच्या चुकीने झालेला नाही, तरच परवानगी मागता येते आणि मिळाली तरी सरकारच्या यादीत बसणारंच काम करता येतं. तिकडे डॉक्टर असलेला माणूस इथे सरकारने ठेवलेल्या हॉटेलच्या खोलीत वर्षभर भिंतीकडे बघत बसू शकतो, टॅक्सी चालवतो म्हणाला तरी नाही.

मग हा समज आला कुठून? मला वाटतं युक्रेनवरून. 2022 मध्ये युक्रेनियन लोकांसाठी ज्या स्कीम काढल्या त्यात आल्यापासून काम करायची मुभा होती, आणि सरकारने स्वतः पुनर्वसनासाठी आणलेल्या अफगाण कुटुंबांनाही ती असते. पण ही माणसं सरकारची परवानगी घेऊन रीतसर आली. बोटीचा संबंध नाही. मेसेज लिहिणाऱ्याने तीन वेगवेगळ्या रांगांमधली माणसं एका रांगेत उभी केलीत आणि आपण फॉरवर्ड दाबून मोकळे.

"कागद कोणी बघत नाही." हे वाचून तर हसूच आलं, कारण इथे नोकरी लागलेल्या आपल्यातल्या प्रत्येकाने शेअर कोड, म्हणजे काम करायच्या हक्काचा ऑनलाइन पुरावा, काढलाय, तो W ने सुरू होणारा नऊ अक्षरांचा, आणि तो आणि जन्मतारीख एचआरला दिलीय. स्विंडनमधले पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले आपले गोवेकर सेटल्ड स्टेटसवर (ब्रेक्झिटनंतर युरोपियन नागरिकांना मिळालेला राहायचा हक्क) आहेत, तेही हाच कोड देतात. ब्रिटिश माणसालासुद्धा पासपोर्टसारखा पुरावा दाखवावा लागतो. मालकाने चेक केलाच नाही आणि माणूस बेकायदा निघाला तर फेब्रुवारी 2024 पासून पहिल्याच वेळी दर माणसामागे 45,000 पाउंडपर्यंत दंड, परत सापडला तर 60,000 पर्यंत. त्याआधी पहिल्या वेळचा आकडा 15,000 होता. करी हाउसवाल्याला विचारा झोप लागते का.

या दंडाची दुसरी बाजू त्या मेसेजात येणारच नाही. ज्याचा असायलमचा अर्ज मंजूर होऊन रेफ्युजी स्टेटस मिळालं त्याला काम करायचा पूर्ण हक्क आहे, आपल्यापेक्षा जास्त, कारण त्याला स्पॉन्सर लागत नाही. पण सिंगल माणूस असेल तर स्टेटसचं पत्र आल्यापासून साधारण 28 दिवसांत सरकारी खोली सोडायची, तेवढ्यात बँक अकाउंट, घर, नोकरी सगळं जमवायचं, आणि 2024 च्या शेवटी प्लास्टिकची कार्डं बंद होऊन सगळं ऑनलाइन ईव्हिसावर गेलंय, त्यात नावाचं स्पेलिंग किंवा जन्मतारीख चुकलेली असली की कोड चालत नाही, आणि 45,000 च्या भीतीने मालक म्हणतो राहू दे, दुसरा बघतो. व्हिसा एक्स्टेन्शन पेंडिंग असताना ज्यांच्या कंपनीने होम ऑफिसच्या (इथलं गृहखातं) एम्प्लॉयर चेकिंग सर्विसकडे विचारणा केलीय त्यांना हे माहितीय. तिथून होकार आला तरी तो सहाच महिने चालतो, मग परत विचारा. आपल्याकडे निदान एचआर डिपार्टमेंट असतं, गोडाउनमध्ये पॅकिंगला गेलेल्याकडे कोण असणार.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. डिलिव्हरी ॲपवर दुसऱ्याचं अकाउंट भाड्याने घेऊन बेकायदा काम चालतं, हे खरं आहे. कारण साधं आहे, राइट टू वर्क चेकचा, म्हणजे वर सांगितलेल्या कागद तपासणीचा, कायदा नोकरदारांसाठी लिहिलेला होता आणि रायडर कागदावर सेल्फ एम्प्लॉइड, शिवाय आपल्या जागी दुसऱ्याला पाठवायची मुभा करारातच. ही पळवाट बुजवायची तरतूद 2025 च्या नव्या कायद्यात केलीय. पण एका पळवाटेवरून "कोणी बघतच नाही" म्हणणं म्हणजे एसटीत एक विनातिकीट सापडला म्हणून कंडक्टरच नसतो म्हणण्यासारखं झालं.

"शेकडो पाउंड हातात." असायलमचा अर्ज पेंडिंग असलेल्याला, स्वतः स्वयंपाक करायची सोय असेल तर, माणशी आठवड्याला 49.18 पाउंड, 2024 च्या सुरुवातीपासून हा दर. जेवण देणाऱ्या हॉटेलात असतील तर दहा पाउंडाच्या आत. लंडनमध्ये दहा पाउंडात काय येतं ते तुम्हीच सांगा.

पैसा जातोय हे खोटं नाही. असायलम अर्जदारांच्या राहायच्या सोयीची कंत्राटं 2019 मध्ये दिली तेव्हा दहा वर्षांचा अंदाज साधारण साडेचार अब्ज पाउंड होता, 2025 मध्ये सरकारच्या ऑडिट ऑफिसने तो 15.3 अब्जांवर गेल्याचं सांगितलं. पण हा पैसा त्या माणसाच्या हातात पडत नाही, तीन कंत्राटदार कंपन्या आणि त्यांची हॉटेलं यांच्याकडे जातो. राग काढायचाच तर पत्ता तरी बरोबर लिहा.

आता खानदान. यावर जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त अंगठे याच वाक्याला. रेफ्युजी फॅमिली रियुनियन, म्हणजे रेफ्युजीने कुटुंब बोलवायची सोय, त्यात खानदान कधीच नव्हतं. नवरा किंवा बायको आणि अठराच्या आतली मुलं, तीही देश सोडायच्या आधीपासूनचं कुटुंब असेल तरच. आई-वडील नाहीत, भाऊ-बहीण नाहीत. एकटं आलेलं मूल रेफ्युजी ठरलं तरी त्याला या नियमाखाली स्वतःच्या आईला बोलावता येत नव्हतं. हो, या अर्जाला फी नव्हती आणि इंग्रजीची परीक्षा नव्हती, ते खरं, पण काबूलला ब्रिटनचं व्हिसा सेंटरच नाही म्हटल्यावर तिकडच्या बाईने मुलं घेऊन नुसते बोटांचे ठसे द्यायला सीमा ओलांडून दुसऱ्या देशात जायचं, तेही स्वतःच्या खर्चाने. या रस्त्याने येणाऱ्यांत बहुतेक बायका आणि मुलंच असायची.

आणि हे सगळं मी भूतकाळात का लिहितोय? कारण 4 सप्टेंबर 2025 ला नवे अर्ज घेणंच थांबवलं. तेव्हापासून रेफ्युजीला बायको आणायची तर साधारण तोच स्पाउस व्हिसाचा रस्ता दाखवला, वर्षाला 29,000 पाउंड उत्पन्न दाखवा, फी भरा. म्हणजे ब्रिटिश पासपोर्ट घेऊन पुण्याहून बायको आणणाऱ्या आपल्या पोराला जो नियम तोच त्यालाही, फक्त त्याची बायको पुण्यात सासूकडे सुखरूप नाहीये. त्यावर नोव्हेंबर 2025 मध्ये होम सेक्रेटरी शबाना महमूद यांनी जाहीर केलं की स्टेटस पाच वर्षांऐवजी अडीच-अडीच वर्षांचं करणार आणि कायमचं राहायला बऱ्याच जणांना वीस वर्षं थांबावं लागेल. याला लाड म्हणतात?

राहिलं "आपल्या खिशातून". आपली तक्रार खोटी नाही, स्किल्ड वर्कर व्हिसाची वर्षाच्या पगाराची अट 38,700 वरून जुलै 2025 मध्ये 41,700 झाली, व्हिसासोबत भरायचा हेल्थ सरचार्ज वर्षाला 1,035 पाउंड, केअर वर्करना मार्च 2024 पासून कुटुंब आणता येत नाही, केरळ-महाराष्ट्रातून आलेल्या कितीतरी जणींची मुलं तिकडे आजीकडे आहेत. पण सरचार्जचा पैसा आरोग्यसेवेसाठी असतो, हॉटेलांसाठी नाही. आणि पगाराची अट बोटी आल्या म्हणून वाढलेली नाही, देशात येणाऱ्यांचा एकूण आकडा खाली आणायचा म्हणून वाढलीय, आणि त्या आकड्यात सगळ्यात सोपं कापता येणारं कोण, तर नियमाने अर्ज करणारे आपण. रेफ्युजीचं कुटुंब थांबवल्याने आपल्या पगाराची अट एक पाउंडाने तरी उतरली का? 41,700 ची अट जुलैची, रियुनियन बंद सप्टेंबरमध्ये. दोन्ही निर्णय एकाच ऑफिसातून.