दरवाढीला होकार कुणाचा?

नेटफ्लिक्स-प्राईमसारख्या ओटीटीचे दर वाढले की दोन्हीकडून एकदमच आवाज उठतो. लातूर-नांदेडकडची मंडळी म्हणतात, "पैसे घेऊन वर जाहिराती दाखवतात, हे काही बरोबर नाही." तिकडं जर्मनीत राहणारे आपलेच लोक म्हणतात, "तुमच्याकडं तर फुकटात मिळतंय, आम्ही किती भरतो ते बघा." दरवाढीवर काय करायचं हे या भांडणात ठरत नाही, कारण दोघंही आकड्याकडं बघतात आणि होकाराकडं कुणी बघत नाही.

आधी आकडाच घेऊ, म्हणजे तो एकदा बाजूला ठेवता येईल. जर्मनीत नेटफ्लिक्सचा स्टँडर्ड प्लॅन २०२४ पासून महिना १३.९९ युरो, म्हणजे ढोबळमानानं चौदाशे रुपये. भारतात तोच प्लॅन डिसेंबर २०२१ मध्ये ६४९ वरून ४९९ वर आला. चौदाशेपुढं पाचशे, म्हणजे भारतात स्वस्त, असं दिसतं. आता मजुरीनं मोजा. जर्मनीत २०२५ मध्ये किमान वेतन तासाला १२.८२ युरो होतं. महिन्याचं नेटफ्लिक्स म्हणजे तिथल्या सगळ्यात कमी कमावणाऱ्या माणसाचं पासष्ट मिनिटांचं काम. महाराष्ट्रात २०२५-२६ मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये. ४९९ रुपयांसाठी दीड दिवसाहून जास्त काम करावं लागतं. म्हणून परदेशातल्या माणसानं "तुमचं स्वस्त आहे" हे वाक्य बंद करावं. ते खरं नाही आणि ऐकणाऱ्याला लागतंही.

दर नुसता आकड्यानं वाढत नाही, हे गावाकडची तक्रार बरोबर ओळखते. ॲमेझॉनचं प्राईम २०१६ च्या जुलैत सुरू झालं तेव्हा वर्षाला ४९९ रुपये होतं. मग ९९९ झालं आणि डिसेंबर २०२१ मध्ये १४९९. त्यात घरपोच सामानाची सोयही आहे, पण नुसतं बघण्यासाठी पूर्ण प्राईम घेणाऱ्यालाही तेवढेच मोजावे लागतात. १७ जून २०२५ पासून त्याच पैशात जाहिराती आल्या. त्या नको असतील तर महिना १२९ किंवा वर्षाला ६९९ वेगळे. म्हणजे २०१६ सारखं विनाजाहिरात बघायचं तर ४९९ च्या जागी २१९८. नेटफ्लिक्सनं दर उतरवले, पण जुलै २०२३ पासून एका घराबाहेर पासवर्ड चालू द्यायचं थांबवलं. आयपीएल २०२३ मध्ये जिओसिनेमावर फुकट दिसली आणि पुढं ते दुकान पैशाचं झालं. आकडा चढतो, जाहिरात घुसते किंवा घराची व्याख्या आवळली जाते. तिन्ही दरवाढच, आणि तिन्हींत प्रश्न एकच: आम्हाला विचारलं का?

जर्मनीकडून घ्यायचं असेल तर याचं उत्तर घ्यावं. तिथं १ जुलै २०२२ पासून कायदा आहे की वेबसाइटवर करार करता येत असेल तर तो रद्द करायचं बटणही तिथंच, कायम आणि ठळक दिसलं पाहिजे. बटणावर "करार इथे रद्द करा" अशा अर्थाचे शब्द हवेत. ते दाबण्यासाठी लॉगिन मागता येत नाही. पुढच्या पानावर नाव, करार, कधीपासून बंद करायचं अशी मोजकीच माहिती विचारायची, खाली "आता रद्द करा" हे दुसरं बटण द्यायचं, आणि ते दाबताच पोच लगेच लेखी द्यायची. बटण दिलंच नसेल तर ग्राहक कुठल्याही दिवशी मुदत न पाळता करार मोडू शकतो. कायद्याला दात आहेत ते या शेवटच्या कलमामुळं.

दरवाढीचंही तसंच. कोलोनच्या न्यायालयानं मे २०२५ मध्ये नेटफ्लिक्सच्या एका ग्राहकाच्या बाजूनं निकाल दिला. त्याचा दर ११.९९ वरून १७.९९ युरोपर्यंत गेला होता. स्क्रीनवर आलेल्या खिडकीत त्यानं होकाराचं बटण दाबलं होतं, तरी न्यायालय म्हणालं की या रीतीनं घेतलेली ती खरी संमती नव्हे. त्याला सुमारे दोनशे युरो परत मिळाले.

तरी तिथं सगळं आलबेल आहे असं नाही. प्रत्येक घराला महिना १८.३६ युरो प्रसारण-वर्गणी सक्तीची, टीव्ही असो वा नसो. वर्षाचे २२० युरो होतात आणि ती रद्द करायचं बटण नाही. लोक त्यावर कडकडून भांडतात. मला मात्र ती वर्गणी पटते, कारण सरकारी खिशाबाहेर राहिलेली, जाहिरातींचा फारसा मारा नसलेली वाहिनी त्यातून चालते आणि तिचे चित्रपट-माहितीपट नेटवर सगळ्यांना मोकळे असतात. शिवाय अनेक शहरांत वाचनालयाच्या कार्डावर फिल्मफ्रेंड नावाची सेवा मिळते, घरबसल्या चित्रपट बघायला. आपल्याकडं १९६७ च्या कायद्याखाली सरकारी अनुदानावर चालणारी वाचनालयं गावोगाव आहेत. त्यांच्या कार्डावर मराठी चित्रपट का दिसू नयेत, ही मागणी कुणी लावून धरली तर ती दर कमी करण्याच्या मागणीपेक्षा जास्त दिवस टिकेल.

पण एका गोष्टीत भारत पुढं आहे आणि ते परदेशातल्या लोकांना ठाऊक नसतं. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा की आपोआप पैसे कापायच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला निरोप गेला पाहिजे. त्यात कोण कापणार, किती, कधी, कशासाठी हे हवं आणि तिथूनच नकार देता आला पाहिजे. जर्मनीत खात्यातून वळते झालेले पैसे आठ आठवड्यांपर्यंत कारण न देता परत मागता येतात, पण करार चालू असेल तर मागोमाग वसुलीचं पत्र येतं. कापण्याआधी विचारणं हे कापल्यानंतर भांडण्यापेक्षा केव्हाही बरं.

हा हक्क वाया जातो तो एका आकड्यापायी. यूपीआय ऑटोपे, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, मंजूर करताना पिन टाकायच्या आधी जो पडदा येतो, तो नीट बघा. वर कंपनीचं नाव, खाली "दरमहा", आणि मध्ये रक्कम. ती रक्कम कधी नेमकी असते, जशी १९९, तर कधी "कमाल" किंवा "पर्यंत" असं लिहून मोठा आकडा असतो. नेमकी रक्कम असेल तर दर वाढल्यावर कंपनीला तुमचा पिन पुन्हा मागावा लागतो. कमाल रक्कम मोठी असेल तर तेवढ्या मर्यादेपर्यंतच्या प्रत्येक दरवाढीला तुम्ही आधीच होकार देऊन बसलेले असता, आणि १५,००० रुपयांपर्यंत पुन्हा पिन किंवा ओटीपी लागत नाही. कोलोनच्या ग्राहकाला ज्या संमतीसाठी कोर्टात जावं लागलं, ती तुमच्या हातात असते आणि घाईत निघून जाते. कमाल आकडा प्लॅनच्या दरापेक्षा फार मोठा दिसला तर तिथंच थांबा. एकाच महिन्याचे पैसे भरा किंवा गिफ्ट कार्ड वापरा.

आता घरातली झाडाझडती. फोनपे किंवा गुगल पेमध्ये प्रोफाइलच्या चित्रावर टिचकी मारली की ऑटोपे सापडतं. तिथं चालू, थांबवलेले, संपलेले असे पैसे कापायचे सगळे हुकूम (मॅन्डेट) दिसतात. घरात तीन फोन असतील तर तिन्ही तपासा, कारण टीव्हीवरचं सबस्क्रिप्शन कुणाच्या नंबरवरून सुरू झालं हे वर्षभरानं कुणाला आठवत नसतं. मग प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइल, त्यात पेमेंट्स आणि सबस्क्रिप्शन्स. शेवटी बँकेच्या ॲपमध्ये कार्डावरचे हुकूम. बंद करताना क्रम महत्त्वाचा. आधी ओटीटीच्या खात्यात जाऊन सबस्क्रिप्शन रद्द करा, पोचेचा ईमेल आला का बघा आणि मगच ऑटोपे मोडा. नुसता ऑटोपे मोडला तर खातं थकबाकीत लटकतं आणि रोज "पेमेंट झालं नाही" असे निरोप येत राहतात. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे फोनमधून ॲप काढून टाकणं. ॲप गेलं तरी पैसे कापले जातातच. मासिक प्लॅन पहिल्याच दिवशी रद्द केला तरी महिना पूर्ण बघता येतो. म्हणून घेतल्या दिवशीच रद्द करून ठेवावं, शेवटच्या दिवसाची वाट बघू नये.

दरवाढीवरचं माझं उत्तर इथूनच निघतं: वर्षभर काहीच चालू ठेवायचं नाही. नेटफ्लिक्स स्टँडर्ड बारा महिने म्हणजे ५९८८ रुपये, प्राईम जाहिरातीविना २१९८, मिळून ८१८६. त्याऐवजी उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि दिवाळीच्या आसपास मिळून चार महिने नेटफ्लिक्स बेसिक, १९९ प्रमाणे ७९६. पावसाळ्यात प्राईमची एक तिमाही, जाहिराती सोसून, ५९९. प्राईमचा एकेक महिना २९९ ला पडतो, दोन महिन्यांच्याच पैशात तिसरा मिळतो. एकूण १३९५ रुपयांत सात महिने होतात. सोयाबीनच्या सुगीत आणि लेकरांच्या परीक्षेच्या दिवसांत तसंही कोण बघतं? जाणारा ग्राहक परत येतो हे कंपनीला आकड्यात दिसतं, आणि सवलती त्याच्याचसाठी निघतात.

बेसिक कशाला, चित्र खराब दिसेल, असं कुणी म्हणेल. घरातला टीव्ही बत्तीस इंची असेल तर खोक्यावर "एचडी रेडी" लिहिलंय का बघा. असल्यास त्याचा पडदा १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा आहे. बेसिकचं ७२० ओळींचं चित्र त्याला जवळपास पुरतं, स्टँडर्डचं १०८० तो दाखवूच शकत नाही. ते तीनशे रुपये जास्तीचे. बऱ्याच स्वस्त फोनचंही तेच. नेटफ्लिक्सच्या ॲप सेटिंगमध्ये प्लेबॅकची माहिती उघडा. तिथं वाइडवाइन एल-३ (चित्रपटाची चोरी रोखणाऱ्या कुलपाची खालची पातळी) दिसलं तर कुठलाही प्लॅन घेतला तरी त्या फोनवर एचडी येणार नाही. मग १४९ चा मोबाइल प्लॅनच शहाणपणाचा.

खेड्यात जिथं फायबर पोचलेलं नाही, तिथं खरा खर्च डेटाचा. एचडी चित्र तासाला तीन जीबीपर्यंत खातं. रोजच्या दीड जीबीत अर्धा तास. जिओचं रोज दीड जीबीचं रिचार्ज जुलै २०२४ मध्ये २३९ वरून २९९ झालं आणि ते २८ दिवसांचं, म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज. ॲपमध्ये डेटा बचतीचं सेटिंग लावलं तर त्याच डेटात कित्येक पटीनं जास्त वेळ बघता येतं. रिचार्जसोबत "फुकट" ओटीटी मिळत असेल तर ते कधीकधी फोनपुरतंच असतं, टीव्हीवर लागत नाही. घेण्याआधी तेवढं विचारा.

पासवर्डच्या निर्बंधाचा फटका आपल्याकडं एका खास ठिकाणी बसतो. माय-बाप परभणी-बीडच्या गावात, लेकरू नीट परीक्षेच्या तयारीला लातूरच्या होस्टेलवर. कुटुंब एकच, घरं दोन, आणि कंपनीच्या हिशेबी ती दोन गिऱ्हाइकं. जर्मनीत घराबाहेरच्या माणसासाठी ४.९९ युरोत जादा सदस्य जोडता येतो. शिकायला बाहेर राहणाऱ्या लेकराला त्याच घरातलं धरावं ही मागणी न्याय्य आहे आणि ती मराठवाड्यातून उठली पाहिजे, इतकं हे चित्र तिथं घरोघरी आहे.

ज्यांना बातम्या, जुने चित्रपट आणि सह्याद्री एवढंच हवं, त्यांनी डीडी फ्री डिशचा विचार करावा. महिन्याचं भाडं नाही, डिश आणि बॉक्सचा खर्च एकदाच. उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला. मराठवाड्यातून डिश आग्नेयेकडं आणि साधारण साठ अंश वर रोखावी लागते. त्या दिशेला कडुलिंबाचं झाड असेल तर आज लागलेलं चित्र पालवी फुटल्यावर जातं. म्हणून खांब रोवण्याआधी आग्नेयेचं आभाळ मोकळं आहे का बघावं. खासगी वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होतो, तेव्हा आज दिसणारी वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असं नाही. प्रसार भारतीचं वेव्ह्ज ॲपही नोव्हेंबर २०२४ पासून आहे.

आणि टेलिग्राम. "तिथं सगळं मिळतं, पैसे कशाला?" हे वाक्य दोन्ही देशांत ऐकू येतं. चित्रपट चोरून चित्रित करणं आणि पसरवणं यासाठी २०२३ च्या दुरुस्तीनंतर तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड आहे. त्याहून जवळचा धोका असा की "फुकट ओटीटी" म्हणून आलेली एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून आलेलं ॲप, बसवताना एसएमएस वाचायची परवानगी मागते. ती दिली की बँकेचा ओटीपी दुसऱ्याच्या हाती जातो. मराठी चित्रपटाचं बजेट मुळात तोकडं, त्यात हा मार सोसत नाही, हेही मला तितक्याच कळकळीनं सांगायचं आहे.

रद्द करायला गेलात आणि बटण सापडेना, किंवा "खरंच जायचंय का?" असं चार-चार पानं विचारलं, तर तो केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत नोंदलेला प्रकार आहे. तिथल्या तेरा फसव्या रीतींत सबस्क्रिप्शनचा सापळा नावानिशी आहे. प्रत्येक पानाचा तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, पैसे कापल्याचा बँकेचा निरोप जोडा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवा. तक्रारीत "दर फार आहे" असं लिहू नका. अमुक तारखेला रद्द करायचा प्रयत्न केला, अमुक पानावर अडवलं, अमुक तारखेला इतके रुपये कापले, एवढंच क्रमानं लिहा.