बेसबॉलचा संघ घ्यायचाय? मग हे आधी शिकून घ्या

पैसा झाला, बंगला झाला, तरी पेपरात नाव येत नाही? मग एखादा संघ विकत घ्या. आयपीएल आल्यापासून संघमालक ही जमात आपल्याही ओळखीची झाली आहे, पण आपले मालक अजून बालवर्गात आहेत. गुरू करायचाच असेल तर न्यूयॉर्क यांकीजचे जॉर्ज स्टाइनब्रेनर यांना करा. १९७३ पासून २०१० साली मरेपर्यंत हा गृहस्थ अमेरिकेतल्या सर्वांत नामांकित बेसबॉल संघाचा मालक होता, आणि त्यांतली बरीच वर्षं त्याच संघाच्या प्रेक्षकांच्या शिव्या खात होता.

सुरुवात घरच्या धंद्यापासून करा, ते सोपं जातं. स्टाइनब्रेनरांच्या घरी ग्रेट लेक्सवर मालवाहू जहाजं चालायची. वडील कडक. पोराला खाऊला पैसे द्यायच्या ऐवजी त्यांनी कोंबड्या दिल्या: अंडी विक आणि मिळव. व्यावसायिक खेळाचं सगळं अर्थशास्त्र पोराला तिथेच कळलं. अंडं कोंबडीनं घालायचं, पैसे आपण मोजायचे.

आता खरेदी. सीबीएस ही टीव्ही कंपनी यांकीजला कंटाळली होती. तिनं संघ घेतला तेव्हाच्या किमतीपेक्षा कमी पैशांत, म्हणजे १ कोटी डॉलरला, फुंकून टाकला. त्यात स्टाइनब्रेनरांच्या स्वतःच्या खिशातले होते १,६८,००० डॉलर. बाकीचे भागीदारांचे. तुम्हीही भागीदार जरूर घ्या, फक्त त्यांना बोलू देऊ नका. जॉन मॅकमुलन नावाच्या एका भागीदारानं पुढे सांगितलंच, की स्टाइनब्रेनरांचा मर्यादित भागीदार असण्याइतकं मर्यादित या जगात दुसरं काही नाही.

खरेदीच्या दिवशी पत्रकारांपुढे नम्र राहा. रोजच्या कारभारात मी अजिबात पडणार नाही, मी आपला जहाजं बांधत बसेन, असं स्टाइनब्रेनर म्हणाले होते. मग त्याच वर्षी मोसमाच्या सुरुवातीला राष्ट्रगीत चालू असताना खेळाडूंच्या मानेवरचे केस बघत बसले. नावं कुणाचीच माहीत नव्हती, म्हणून पाठीवरचे नंबर टिपून घेतले आणि ‘यांचे केस कापा’ म्हणून यादी मॅनेजरकडे धाडली. खेळाडूंची नावं पाठ नसली तरी चालतं. कुणाच्या मानेवर किती केस आहेत ते माहीत हवं. दाढीवरची बंदी तर मालकाच्या मृत्यूनंतरही टिकली. ती सैल व्हायला २०२५ उजाडलं, तेही मुलाच्या हातून.

हिशेबाचं बघा. खेळाडूंच्या पगाराचं ओझं वाटून घेऊ नका. अमेरिकेत संघ विकत घेतला की खेळाडूंच्या करारांवर कारखान्यातल्या यंत्रासारखा घसारा लावून कर वाचवता येतो. बिल वीक नावाच्या एका मालकाची ही कल्पना. खेळाडूला मात्र स्वतःच्या गुडघ्यावर घसारा लावता येत नाही. गुडघे त्याचे, घसारा तुमचा.

राजकारण्यांशी संबंध ठेवा, पण पैसे स्वतःच्या नावानं देऊ नका. जहाज कंपनीतल्या कर्मचाऱ्यांना बोनस द्यायचा आणि तोच बोनस निक्सनसाहेबांच्या निवडणुकीला देणगी म्हणून वळवायला लावायचा, अशी स्टाइनब्रेनरांची योजना होती. पकडले गेले, १९७४ साली गुन्हा कबूल केला, १५,००० डॉलर दंड भरला. बेसबॉलच्या कमिशनरनं (सगळ्या संघांवरचा मुख्य अधिकारी) दोन वर्षांची बंदी घातली आणि नंतर ती १५ महिन्यांवर आणली. बंदीच्या काळात कागदोपत्री मालकाचा संघाशी काडीचा संबंध नव्हता. म्हणून त्यांनी काय केलं, तर भाषण टेपवर बोलून ठेवलं आणि ती टेप खेळाडूंच्या ड्रेसिंग रूममध्ये लावायला लावली. स्वतः आत पाऊल ठेवलं नाही. याला म्हणतात नियम पाळणं. पुढे १९८९ साली अध्यक्षपद सोडता सोडता रेगन यांनी माफी देऊन टाकली. अध्यक्ष बदलत राहतात, धीर धरावा.

मॅनेजर (आपल्याकडचा कोच समजा) हा तर रोजच्या करमणुकीचा विषय. बिली मार्टिनला स्टाइनब्रेनरांनी पाच वेळा नेमलं आणि पाचही वेळा घालवलं. पहिल्यांदा घालवलं १९७८ च्या जुलैमध्ये, आणि पाचच दिवसांनी भर मैदानात जाहीर केलं की मार्टिन पुन्हा येणार आहे. आपल्याकडच्या संसारातसुद्धा इतक्या लवकर समेट होत नाही. योगी बेरा हे यांकीजचं दैवत, खेळाडू म्हणून दहा वर्ल्ड सिरीज (बेसबॉलच्या अजिंक्यपदाची वार्षिक मालिका) जिंकलेला माणूस. त्यांना १९८५ साली पूर्ण मोसमाचा शब्द दिला आणि १६ सामन्यांत काढलं. तेही स्वतः नाही, निरोप्या पाठवून. बेरा १४ वर्षं यांकी स्टेडियमची पायरी चढले नाहीत. शेवटी १९९९ साली मालकालाच न्यू जर्सीत जाऊन माफी मागावी लागली. यातून धडा काय घ्यायचा? निरोप्या विश्वासू असावा, दुसरं काय.

हरलात तर माफी मागा, पण खेळाडूंच्या वतीनं. १९८१ ची वर्ल्ड सिरीज गेल्यावर स्टाइनब्रेनरांनी न्यूयॉर्ककरांची जाहीर माफी मागितली. खेळाडूंना हे पेपरात वाचायला मिळालं. त्याच मालिकेत लॉस एंजेलिसच्या हॉटेलच्या लिफ्टमध्ये दोन चाहत्यांना आपण बदडलं, असं सांगत मालक हाताला प्लास्टर घालून हजर झाले. ते दोन चाहते आजतागायत कुणाला सापडलेले नाहीत.

आता सगळ्यात महागडा धडा. डेव्ह विनफिल्ड या खेळाडूला दहा वर्षांसाठी करारबद्ध करताना महागाईनुसार पगार वाढण्याचं कलम मालकांच्या नीट ध्यानात आलं नाही. ध्यानात आल्यावर विनफिल्ड डोळ्यांत खुपायला लागला. पुढे त्याच्याविरुद्ध माहिती पुरवल्याबद्दल हॉवर्ड स्पायरा नावाच्या जुगाऱ्याला ४०,००० डॉलर दिल्याचं उघड झालं. ३० जुलै १९९० ला कमिशनर फे व्हिन्सेंट यांनी स्टाइनब्रेनरांना संघाच्या कारभारातून कायमचं बाहेर काढलं. सामना चालू असताना ही बातमी यांकी स्टेडियममध्ये पोचली आणि घरचे प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. इतकं एकमुखी कौतुक त्यांच्या वाट्याला तोवर क्वचितच आलं असेल.

आणि मंडळी, इथे खरी मेख आहे. तोवर मालकांचा खाक्या काय, तर हातातली तरणी पोरं द्यायची आणि नाव झालेला, उतरणीला लागलेला खेळाडू आणायचा. फ्रेड मॅकग्रिफ गेला, विली मगी गेला, डग ड्रेबेक गेला, जे ब्यूनर गेला. सगळे दुसऱ्यांकडे जाऊन चमकले. मालक बाहेर असताना कारभार जीन मायकल यांच्याकडे आला. त्यांनी एक भलतंच काम केलं: काही केलं नाही. बर्नी विल्यम्सला विकलं नाही. रिव्हेरा, पेटिट, पोसाडा या तरण्या पोरांना खालच्या संघांत निवांत वाढू दिलं. १९९२ ला जीटर आला, त्यालाही हात लावला नाही. (केसांचा नियम मात्र मालकाशिवायही जोरात होता. १९९१ साली कर्णधार डॉन मॅटिंगलीला केस वाढले म्हणून बाकावर बसवलं.) ‘कायमची’ बंदी १९९३ च्या मार्चमध्ये उठली. मालक परतले तेव्हा पीक कापणीला आलं होतं. १९९६, १९९८, १९९९, २००० अशा चार वर्ल्ड सिरीज आल्या, आणि दर वेळी करंडक उचलताना फोटोत मधोमध कोण होतं ते सांगायला नको.

तेव्हा माझा सल्ला लिहून घ्या. संघ घेतल्यावर जितकं लवकर जमेल तितकं स्वतःवर बंदी ओढवून घ्या. दोन-अडीच वर्षं पुरतात. परत येताना चेहरा गंभीर ठेवा.

शेवटी मरणाचंही नियोजन करा. स्टाइनब्रेनर १३ जुलै २०१० ला गेले. त्याआधीच्या वर्षी अमेरिकेत मोठ्या वारसा मालमत्तेवर ४५ टक्क्यांपर्यंत केंद्रीय कर होता, पुढच्या वर्षी तो परत आला. मधल्या एका वर्षात कायद्यातल्या फटीमुळे तो नव्हता. १ कोटीला घेतलेल्या संघाची किंमत फोर्ब्सनं तोवर १६० कोटी डॉलर लावली होती. वारसांचे कोट्यवधी डॉलर वाचले. आयुष्यभर घाईघाईनं निर्णय घेणाऱ्या माणसानं एवढी एक वेळ अचूक साधली.

स्मारकाचं मापही घरच्यांना आधीच सांगून ठेवा. त्याच सप्टेंबरमध्ये यांकी स्टेडियमच्या स्मारक उद्यानात स्टाइनब्रेनरांची पाटी बसली, सात फूट बाय पाच फूट, तिथल्या सगळ्यांत मोठी. यांकीजचा महान फलंदाज बेब रूथ याची तिच्यापुढे लहान दिसते. पण रूथनं तरी काय केलं होतं? नुसते ७१४ होमरन मारले होते.