माणसं पेरा, मर्लिन उगवेल

मर्लिन मन्रोचं चित्र काढायचंय? मग मर्लिन काढूच नका. क्रेग ॲलन हा अमेरिकन चित्रकार ‘पॉप्युलस’ मालिकेत करतो तसं करा. पांढऱ्या कॅनव्हासवर, उंच गच्चीवरून दिसावीत तशी इवलीशी माणसं सोडा. चेहऱ्याचं त्यांचं ती बघून घेतील.

चेहरा मात्र जगाला आधीच पाठ असलेला हवा. पॉप आर्टवाल्या अँडी वॉरहॉलने १९६२ साली मर्लिनचाच उचलला होता, तुम्ही कशाला डोकं चालवता? आत्याबाईंचा घेतलात तर बघणारा विचारेल, “गर्दी कशाची झालीये?”

हिशेब सोपा आहे. ९० बाय १२० सेंटिमीटरचा कॅनव्हास, त्यावर दीड सेंटिमीटरचे ४,८०० चौकोन. निम्मे रिकामे सोडले तरी २,४०० माणसं. माणशी तीन मिनिटं धरली तर १२० तास. रविवारी उरकून टाका. कुठल्या रविवारी, ते घरच्यांना सांगू नका.

केसांत आणि पापण्यांत माणसं दाटीवाटीने, गालावर तुरळक, कपाळावर चिटपाखरू नाही. कंटाळून सगळीकडे सारखीच पेरलीत की मर्लिन उठून जाते आणि आठवडी बाजार भरतो. प्रत्येकाला काहीतरी उद्योग द्या. छत्री तर हमखास द्या, एक काळी छत्री तीन माणसांचं काम करते.

खरी मेख सावलीत आहे. वरून पाहिलेला माणूस म्हणजे डोकं आणि खांदे, जेमतेम ठिपका. काळोख पुरवते ती त्याची सावली. झिरो नंबरचा ब्रश, पातळ राखाडी ॲक्रिलिक, सगळ्या सावल्या एकाच दिशेला. जेवून आल्यावर दिशा विसरलात तर डाव्या गालावर सकाळचे नऊ आणि उजव्यावर संध्याकाळचे पाच वाजतात. सावल्या पडतात त्या बाजूची कडेची माणसं सावलीच्या लांबीइतकी आत घ्या, नाहीतर जबडा फुगून बाईंना गालगुंड होतात. आणि बुबुळातली चमक, ती नखाएवढी कोरी जागा, कोरीच राहू द्या. तिथे सुटाबुटातला एखादा गृहस्थ उभा केलात की मोतीबिंदू.

ब्रशचा कंटाळा असेल तर आर्थर मोल या छायाचित्रकाराचा मार्ग आहे. त्याने १९१८ साली अमेरिकेत, ओहायोतल्या कॅम्प शर्मन या लष्करी तळावर २१,००० सैनिक उभे करून राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचा चेहरा घडवला आणि फोटो काढला. सामान फारसं लागत नाही. एक कॅमेरा, एक उंच मनोरा आणि सैन्य.

शेवटी फोनवर फोटो काढून अंगठ्याएवढा करून बघा. मर्लिन दिसली? झालं, लोक एवढंच बघणार आहेत. डाव्या भुवईतला कुत्रा तुम्ही पाच वेळा पुसून काढला होता, त्याची शेपूट तेवढी तुम्हीच बघा.