रॅली बंधू कफल्लक होते म्हणे!

रॅली बंधूंच्या नावाची रॅलीस कंपनी म्हटलं की आपल्याला फवारणीचं औषध आठवतं, त्यामुळे हे फॉरवर्ड शेतीच्या ग्रुपांवर जोरात फिरतंय. त्यात लिहिलंय की १८२२ साली तुर्कांनी ग्रीकांच्या खिऑस बेटावर कत्तल केली, तिथले पाच रॅली भाऊ नेसत्या कपड्यांनिशी लंडनला पळाले, मग ईस्ट इंडिया कंपनीचं बोट धरून मुंबईत आले आणि शून्यातून करोडपती झाले.

अहो, आधी सालं तर बघा. कत्तल १८२२ ची आणि रॅलींची लंडनची पेढी १८१८ ची, म्हणजे पळून यायच्या आधीच दुकान थाटलेलं? कत्तल खरीच झाली, हजारो माणसं मेली, हजारो गुलाम म्हणून विकली गेली, आणि वाचलेल्यांपैकी कितीतरी जण सिरोस बेटावर गेले, तिथं एर्मूपोली शहर वसलं ते अशाच लोकांमुळे. निर्वासित म्हणायचं तर त्यांना म्हणा.

आता ते 'शून्य'. पाच भाऊ पाच शहरांत बसलेले: पांडिया लंडनला, झॅनिस ओडेसाला, ऑगस्टस मार्सेयला, तुमाझिस कॉन्स्टँटिनोपलला, युस्ट्रेशियस मँचेस्टरला. काळ्या समुद्राकडचा गहू इकडे यायचा, मँचेस्टरचं कापड तिकडे जायचं, आणि दोन्ही टोकांना सख्खा भाऊ बसलेला, मग हुंडी बुडायची भीती कुणाला? सोयरीकसुद्धा खिऑसच्याच व्यापारी घराण्यांत, अर्जेंटी, स्किलिझी, रोडोकनाकी. पांडियानंतर कारभार पुतण्या स्टीफनकडे आला, त्याची बायको अर्जेंटींची. या घराण्यांची वंशावळ काढायला बसलात तर डोकं फिरेल, कारण आपल्याकडं ठेवायचे तसं नातवाला आजोबांचं नाव, स्टीफनचा बाप ऑगस्टस आणि मुलगाही ऑगस्टस! तो पोरगा इंग्लंडातल्या ईटन शाळेत शिकताना वारला, त्याच्या आठवणीत बापानं लंडनच्या नॉरवुड स्मशानभूमीत, ग्रीकांनी १८४२ ला घेतलेल्या जागेत, देवळासारखं चॅपल बांधलं.

कंपनीचं बोट वगैरे तर थापच आहे. भारतातल्या व्यापाराचा तिचा मक्ता १८१३ लाच गेला, १८३३ नंतर तिचा व्यापारच बंद. रॅली कलकत्त्याला आले १८५१ ला आणि मुंबईत १८६१ ला, तोवर तिचं राज्यही राणीकडे गेलेलं. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडकला, लँकेशायरच्या गिरण्या आपल्या कापसाकडे वळल्या. मुंबईत पेढी उघडायला याहून बरा मुहूर्त कुठला?

शेवटी 'टाटांची ग्रीक शाखा' असंही लिहिलंय. टाटा त्यात कितीतरी नंतर आले हो.