भगतसिंगांना १४ फेब्रुवारीला फाशी झाली नव्हती

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा लागला की व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच: १४ फेब्रुवारी १९३१ रोजी भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव फासावर गेले, आणि आपण त्याच दिवशी गुलाबाची फुलं वाटतो. पाठवणाऱ्यांच्या मनात हुतात्म्यांबद्दल आदर असतो, याबद्दल मला शंका नाही. पण तारीख खोटी आहे.

फाशी झाली २३ मार्च १९३१ रोजी, लाहोरच्या सेंट्रल जेलमध्ये. खरं तर २४ मार्चची सकाळ ठरली होती. सरकारला लोकांच्या उद्रेकाची भीती होती, म्हणून वेळ अलीकडे ओढून आदल्याच संध्याकाळी साडेसातच्या सुमारास तिघांना फासावर चढवलं. तुरुंगाची मागची भिंत फोडून मृतदेह गुपचूप बाहेर काढले आणि सतलजच्या काठी घाईघाईने दहन उरकलं. तिथेच आज हुसैनीवालाचं स्मारक आहे.

सरकारी कागद बाजूला ठेवा, त्यांची स्वतःची पत्रं पाहा. भगतसिंगांनी धाकटा भाऊ कुलतार याला शेवटचं पत्र लिहिलं ते ३ मार्चला. २० मार्चला तिघांनी पंजाबच्या गव्हर्नरला लिहिलं: आम्ही ब्रिटिश सरकारविरुद्धच्या युद्धातले कैदी आहोत, तेव्हा आम्हाला फाशी न देता गोळ्या घाला. आयुष्याची मागणी करणारी पत्रं खूप असतात. मरणाची पद्धत बदलून मागणारं हे पत्र त्यांच्या विचारांचा निचोड आहे. मेसेज खरा मानला, तर हे पत्र लिहिणारे महिन्यापूर्वीच गेलेले होते असं म्हणावं लागेल.

चूक दाखवली की दुसरी आवृत्ती येते: ‘फाशी नाही, पण शिक्षा त्या दिवशी सुनावली.’ तेही नाही. लाहोर कट खटल्यासाठी, म्हणजे पोलीस अधिकारी साँडर्सच्या हत्येवरून या तिघांवर चाललेल्या खटल्यासाठी, व्हाइसरॉय आयर्विन यांनी १ मे १९३० रोजी खास वटहुकूम काढून तीन न्यायाधीशांचं न्यायाधिकरण नेमलं. आरोपी हजर नसतानाही खटला चालवायची मुभा त्यात होती आणि हायकोर्टात अपिलाची वाट बंद होती. त्या न्यायाधिकरणाने ७ ऑक्टोबर १९३० रोजी तिघांना फाशी सुनावली. संताप यायचा तर या वटहुकमाचा यावा, पण मेसेजमध्ये त्याचा उल्लेखही नसतो.

मग १४ फेब्रुवारीला काहीच घडलं नाही का? घडलं. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे साम्राज्याच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, अपील फेटाळल्यावर मदनमोहन मालवीय यांनी त्या दिवशी व्हाइसरॉयकडे दयेचा अर्ज केला. बहुधा इथूनच ही तारीख उचलली गेली असावी. म्हणजे तिघांना वाचवण्यासाठी धडपड चालू होती तो दिवस आपण त्यांच्या मृत्यूचा म्हणून पसरवतो आहोत.

‘तारखेने काय बिघडतं, भावना महत्त्वाची,’ असंही ऐकतो. बिघडतं. गांधी-आयर्विन बोलणी १७ फेब्रुवारीला सुरू झाली, करार झाला ५ मार्चला. या बोलण्यांत गांधीजींनी फाशी टाळायला पुरेसा जोर लावला की नाही, यावर आजही वाद होतो. मार्चअखेर काँग्रेसच्या कराची अधिवेशनाला जाताना तरुणांनी त्यांना काळे झेंडे दाखवले ते याच रागातून. फाशी १४ फेब्रुवारीला झाली असती, तर हा प्रश्नच उभा राहिला नसता. गंमत म्हणजे गांधीजींवर सर्वांत कडवी टीका करणारेही कित्येकदा हाच मेसेज पुढे ढकलतात.

आणि ‘देश विसरला’ हा आरोप? राजगुरूंचं गाव खेड आज राजगुरुनगर म्हणून ओळखलं जातं. भीमेकाठी त्यांचा वाडा आहे, आणि हुतात्म्यांचं स्मरण होतं ते २३ मार्चला. समाजवादी नेते राममनोहर लोहियांचा जन्म २३ मार्चचा (१९१०). या फाशीमुळे त्यांनी स्वतःचा वाढदिवस साजरा करणं सोडलं. पंजाबी कवी पाश यांची खलिस्तानी अतिरेक्यांनी हत्या केली तीही २३ मार्चलाच, १९८८ साली. लाहोरमध्ये हा दिवस पाकिस्तान दिन असतो, कारण मुस्लिमांसाठी वेगळ्या राष्ट्राची मागणी करणारा १९४० चा लाहोर ठराव. तरीही फाशीच्या जागी झालेल्या शादमान चौकात मूठभर लोक दरवर्षी त्या तिघांसाठी मेणबत्त्या लावायला जमतात.

१४ फेब्रुवारीला श्रद्धांजली वाहायचीच असेल, तर २०१९ साली त्या दिवशी पुलवामात सीआरपीएफचे ४० जवान मारले गेले. त्यांतले दोघे आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले होते. व्हॅलेंटाइन डे ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर विरोध करावा. पण त्यासाठी भगतसिंगांची फाशी सव्वा महिना मागे ओढू नये.